हार्पला जागा सोडताना : केल्टिक लोकधुना छोट्या वाद्यमेळासाठी कशा बांधाव्यात

पहिल्यांदा मी चार वाद्यांसाठी एक आयरिश धून बांधली, तेव्हा फिडल (म्हणजे व्हायोलिनच), फ्लूट, गिटार आणि हार्प अशा चौघांनाही पहिल्या बारपासून शेवटच्या बारपर्यंत काही ना काही लिहून दिलं होतं. कोणी रिकामं बसलेलं मला बघवत नव्हतं. तिसऱ्या तालमीनंतर हार्पवाली म्हणाली, "दुसऱ्या भागात आठ बार मी हात मांडीवर ठेवून बसले होते. कळलं का कुणाला?"

नव्हतं कळलं. मी स्वतः दोन हातांच्या अंतरावर बसून फिडल वाजवत होते, तरी नाही.

पुढे जे लिहिते आहे ते त्या आठ बारांपासून शिकत गेलेलं आहे. हार्पचा आवाज मोठा नाही, पण छेडलेली तार आपणहून लवकर गप्प होत नाही. त्यामुळे हार्प असलेल्या मेळाची बांधणी करताना कुणी काय वाजवायचं याच्या आधी कुणी कधी थांबायचं हे ठरवावं लागतं. स्टाफ नोटेशन थोडं वाचता येतं आणि तीन-चार वाजवणारे हाताशी आहेत, एवढं गृहीत धरते.

आधी विचारा : हार्प कोणती?

ऑर्केस्ट्रातल्या पेडल हार्पला ४७ तारा आणि सात पेडल असतात. लोकसंगीतात बहुतेक वेळा भेटते ती लिव्हर हार्प, साधारण ३४ तारांची. मधल्या सीच्या दोन सप्तकं खालच्या सीपासून ती वर जाते. सीच्या तारा लाल आणि एफच्या काळ्या किंवा निळ्या, म्हणजे वाजवणाऱ्याला वाट सापडते. प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाला एक छोटा लिव्हर असतो. तो वर केला की ती तार अर्धा स्वर चढते. आपल्या स्वरमंडलाची आठवण येईल, पण इथे दोन्ही हातांची चार-चार बोटं वेगवेगळं काम करतात (करंगळी वापरत नाहीत), आणि डावा हात म्हणजे जवळजवळ दुसरा वादकच.

"केल्टिक" हा शब्द सैल आहे. आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि ब्रिटनी यांच्या हार्पपरंपरा वेगळ्या. वेल्समध्ये तर तारांच्या तीन रांगा असलेली हार्प आहे. मी इथे मुख्यतः आयरिश धुनांबद्दल बोलते आहे.

धून निवडताना

१७९२ च्या जुलैमध्ये बेलफास्टला जुन्या हार्पवादकांचा एक मेळावा भरला. दहा आयरिश वादक आले, बहुतेक वयस्कर, अनेक जण आंधळे. त्यांच्या धुना उतरवून घ्यायला एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगला बसवलं होतं. त्या वादकांत नव्वदी ओलांडलेला डेनिस हेम्पसन एकटाच जुन्या रीतीने, वाढवलेल्या नखांनी, धातूच्या तारांवर वाजवत होता. बंटिंगने पुढे या धुना छापल्या, पण पियानोसाठी, डाव्या हाताची साथ स्वतःची जोडून. म्हणजे आपल्यापर्यंत धून पोचली आहे, मूळ साथ फारशी पोचलेली नाही. "अस्सल" साथ शोधत बसू नका. जी कराल ती तुमची असेल, आणि तिची जबाबदारीही.

नृत्यधुनांचा साचा बहुधा ठरलेला असतो. आठ बारांचा पहिला भाग दोनदा, आठ बारांचा दुसरा दोनदा, मिळून ३२ बार. जिग सहा-आठमध्ये, रील चार-चारमध्ये, स्लिप जिग नऊ-आठमध्ये. जिग ऐकताना आपल्या कानाला दादरा आठवतो, कारण वजन पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर येतं. तेवढ्यावर थांबा. दादऱ्याच्या लडिवाळपणाने जिग वाजवली तर नाचणारे अडखळतील.

पहिल्या प्रयत्नासाठी रील नको. भरधाव रील हार्पवर बसवणं हे वर्षांचं काम आहे. एक संथ धून आणि तिला जोडून एक जिग, एवढं पुरे. मी उदाहरणाला दोन घेते. पहिली टर्लो ओ'कॅरोलनची "शी व्येग, शी व्होर". ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) देवीच्या आजारात दृष्टी गेलेला फिरता हार्पवादक, आणि ही त्याची पहिली रचना मानली जाते. तीन-चारचा ठेका, सोळा-सोळा बारांचे दोन भाग, बहुतेक जण डीमध्ये म्हणजे आपल्या पांढरी दोनमध्ये वाजवतात. दुसरी "स्वॅलोटेल" ही पारंपरिक जिग, ई डोरियनमध्ये. या दोघींचीच जोडी का, ते पुढच्या पायरीत.

हक्कांचं एका वाक्यात : जुनी धून सर्वांची असते, पण दुसऱ्याने केलेली तिची बांधणी त्याची असते, आणि सेशनमध्ये (लोकवादकांच्या मोकळ्या बैठकीत) "पारंपरिक" म्हणून वाजणाऱ्या कितीतरी धुनांचे रचनाकार अगदी अलीकडचे आहेत. तपासून घ्या.

लिव्हरचा हिशेब

इथे घाई करू नका. बहुतेक चुका कागदावर याच टप्प्यात होतात आणि तालमीत कळतात.

लिव्हर हार्प बहुधा ई फ्लॅट मेजरमध्ये लावतात. सगळे लिव्हर खाली असले की ई फ्लॅट. मग ए, ई, बी, एफ, सी, जी, डी या क्रमाने लिव्हर वर करत गेलं की अनुक्रमे बी फ्लॅट, एफ, सी, जी, डी, ए आणि ई या पट्ट्या मिळतात. एवढ्याच. कुणी गायिका "मला डी फ्लॅटमध्ये बरं पडेल" म्हणाली तर हार्पवालीकडे न बघता हो म्हणू नका.

लिव्हर डाव्या हाताने फिरवायचे असतात. तो हात त्या क्षणी वाजवू शकत नाही. आणि ३४ तारांत सीच्या पाच तारा आहेत, म्हणजे डीवरून जीवर जायचं तर पाच लिव्हर खाली. प्रत्यक्षात ज्या तारा वापरणार तेवढेच फिरवले तरी चालतं, तरी दोन बार मोकळे द्या.

आता त्या जोडीचं कारण. डी मेजरसाठी एफ आणि सी शार्प लागतात. त्याच तारा तशाच ठेवून ईला षड्ज मानला की ई डोरियन, एला मानला की ए मिक्सोलिडियन, बीला मानला की बी एओलियन. आपल्या भाषेत ही सरळ मूर्च्छना आहे. थाटांच्या हिशेबाने डीवर बिलावल, ईवर काफी, एवर खमाज, बीवर आसावरी. एकही लिव्हर न हलवता चार रंग! "शी व्येग" डीमध्ये आणि "स्वॅलोटेल" ई डोरियनमध्ये, त्यामुळे एकीतून दुसरीत जाताना हार्पचे दोन्ही हात मोकळे राहतात आणि ऐकणाऱ्याला मात्र पट्टी बदलल्याचा झटका बसतो. ही युक्ती मला कुणी पाश्चात्त्य शिक्षकाने सांगितली नाही, नाशिकला शिकलेल्या मूर्च्छनांनी सांगितली, याचा थोडा अभिमान आहे.

आयरिश धुनांत कधी सी शार्प आणि साधा सी एकाच ओळीत येतात. तेव्हा तीन वाटा आहेत. तो एक स्वर फिडलला द्या आणि हार्पने तिथे चूप राहावं. किंवा हार्पने तो स्वर गाळून शेजारचा धरावा. किंवा, आणि ही वाट मला फार आवडते, वरच्या सप्तकातला सी शार्प ठेवा आणि खालचा साधा. पेडलने सगळ्या सप्तकांतले सी एकदम बदलतात, लिव्हरने प्रत्येक तार स्वतंत्र. गरीब वाद्याचा हा एक श्रीमंत गुण.

कॉर्ड थोडे आणि धुनेला धरून

मुळात ही एकेरी संगीतपरंपरा आहे. सगळे एकच धून आपापल्या वळणाने वाजवतात, जसं गायकामागे हार्मोनियम आणि सारंगी जातात. कॉर्ड ही नंतरची भर. म्हणून आधी विचार करा : इथे कॉर्ड नसता तर काय बिघडलं असतं?

"स्वॅलोटेल"चे पहिले दोन बार ई मायनर, पुढचे दोन डी. बस. एका पूर्ण स्वराच्या अंतरावरचे हे दोन कॉर्ड आलटून पालटून येत राहतात आणि धून त्यांच्यावर झुलते. पियानोची सवय असलेला माणूस भाग संपताना हमखास बी मेजर घालतो, म्हणजे डीचा डी शार्प करतो. काफीत कोमल निषादाच्या जागी शुद्ध निषाद ठासून लावला तर आपलं जे होतं तेच इथे होतं. टाळा.

"शी व्येग"ची सुरुवात मी अशी करते : पहिले दोन बार डी, तिसरा जी, चौथा डी, पाचवा जी, सहावा ए, सातवा पुन्हा डी, आठवा बी मायनर. दर बारला एकच कॉर्ड, आणि त्यातही बऱ्याचदा मधला स्वर काढून टाकलेला. डी-ए-डी एवढंच वाजलं की मेजर-मायनरचा निकाल धून लावते. तंबोऱ्यावर षड्ज-पंचम ऐकत वाढलेल्या आपल्याला हे पटकन रुचतं.

हार्पचे दोन हात

मधल्या सीच्या एक सप्तक खाली गेलात की फक्त षड्ज, पंचम आणि वरचा षड्ज ठेवा. तिथे गंधार घातला की चिखल होतो. गंधार हवाच असेल तर तो सप्तकाच्या पलीकडे, दहाव्या स्वरावर ठेवा. हात तेवढा पसरतो आणि आवाज उघडा राहतो.

कॉर्ड बदलताना आधीच्या खालच्या तारा वाजतच असतात. डीनंतर ई मायनर आला की दोन्हींची सरमिसळ. उपाय दोन : एक तर तळव्याने तारा थोपवायच्या, तशी खूण कागदावर करायची, आणि त्यासाठी एक मात्रा मोकळी द्यायची. दुसरा, खालचा डी-ए मुद्दाम चालू ठेवायचा, बॅगपाइपच्या अखंड खालच्या सुरासारखा. जिगच्या एखाद्या आवर्तनात दुसरा उपाय झकास लागतो. प्रत्येक आवर्तनात लावलात तर झोप येते.

एकाच तारेवर लागोपाठ दोन स्वर ही हार्पची खरी अडचण. तार थरथरत असताना पुन्हा बोट टेकलं की आधीचा स्वर मरतो आणि वर घरघर ऐकू येते. आता "स्वॅलोटेल"ची सुरुवात बघा : जी-ई-ई, बी-ई-ई. तिसऱ्या बारला एफ शार्प-डी-डी, ए-डी-डी. बरोबर तिथेच बोट ठेवलंय! फिडलला हे गजाने सहज जमतं. हार्पला मी फक्त सांगाडा देते : जी लांब, ई आखूड, बी लांब, ई आखूड. पूर्ण धून फिडलकडे, सांगाडा हार्पकडे, दोन्ही एकदम वाजले की हार्प घंटेसारखी वर तरंगते आणि फिडलच्या धावण्याला कडा येतात. फिडलचे "रोल" आणि "कट" हे सुरांचे छोटे अलंकार हार्पसाठी हुबेहूब उतरवू नका. आपल्या कणासारखा शेजारच्या तारेचा एक हलका स्पर्श, किंवा तीन शेजारच्या तारांवरून वरून खाली घसरणारा तिहेरी स्वर, हे तिच्या बोटांत मुळातच असतं. आणि कुठे घालायचं ते तिलाच ठरवू द्या.

जिगमध्ये डाव्या हाताला सहाही मात्रा देऊ नका. पहिली आणि चौथी, कधीमधी सहावी. संथ धुनेत एक-पाच-आठ असा चढता झोका चालतो, पण तोच झोका सोळा बार चालला की लग्नाच्या हॉलमधलं पार्श्वसंगीत होतं. दर चार बारांनी मोडा.

बाकीच्यांनी कुठे बसायचं

फ्लूट : डीची लाकडी फ्लूट मधल्या सीच्या लगेच वरच्या डीपासून सुरू होते. हार्पचा उजवा हातही साधारण याच इलाख्यात. दोघांनी तीच धून एकाच सप्तकात वाजवली तर हार्पचा नुसता टोला उरतो, सूर फ्लूटचा. कधी हेच हवं असतं, पण ते ठरवून करा.

व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) : लिहिल्यापेक्षा एक सप्तक वर वाजते आणि सगळ्यांना भेदून जाते. शेवटच्या आवर्तनासाठी राखून ठेवा.

फिडल : पुनरावृत्तीत फिडलला धून एक सप्तक खाली देण्याचा मोह सगळ्यांना होतो. "शी व्येग"मध्ये मीही दिली होती. धून पहिल्याच ओळीत मधल्या सीच्या वरच्या एफ शार्पपर्यंत उतरते. सप्तक खाली तोच स्वर म्हणजे फिडलच्या सर्वांत खालच्या जी तारेच्या अर्धा स्वर खाली. अर्धा! मी घरी हे वाजवून न बघता लिहिलं होतं, हे सांगायला अजून लाज वाटते. व्हायोला किंवा चेलो असेल तर तिथे सोनं होईल. फिडलच असेल तर खाली लांब सूर धरायला सांगा.

गिटार : हार्प आणि गिटार दोघी छेडायच्या, दोघी कॉर्डवाल्या, दोघींचा इलाखा तोच. एकाच वेळी दोघींनी कॉर्ड वाजवले की कुणीच ऐकू येत नाही. माझ्या त्या आठ बारांत हेच झालं होतं. आता माझा नियम सरळ आहे : हार्प दोन हातांनी वाजते तेव्हा गिटार गप्प, गिटार ठेका धरते तेव्हा हार्प फक्त उजव्या हाताने. बोद्रान हा चामड्याचा हातढोल असेल तर तो जिगच्या दुसऱ्या आवर्तनाआधी येऊ देऊ नका. आला की परत पाठवणं अवघड.

आवर्तनांचा नकाशा

१९६० च्या दशकात डब्लिनला शॉन ओ रीदाने क्योल्तोरी खूलन हा मेळ उभा केला. सगळ्यांनी एकदम वाजवायची रीत मोडून त्याने वाद्यांना पाळीपाळीने पुढे आणलं, कधी एकेकटं, कधी जोडीने, मग सगळे मिळून. तो स्वतः हार्पसिकॉर्ड वाजवायचा, कारण धातूच्या तारांच्या जुन्या हार्पच्या जवळचा आवाज त्याला त्यात सापडला होता. त्याच मेळातले काही जण १९६२ साली सुरू झालेल्या चीफटन्स या आयरिश लोकसंगीताच्या मेळात होते, आणि पुढे तिथे डेरेक बेलची हार्प आली. ध्वनिमुद्रणं ऐकताना कोण वाजवत नाहीये, याची नोंद करत ऐका. अर्ध्या तासात या लेखापेक्षा जास्त शिकाल.

हार्प, फिडल, फ्लूट या तिघींसाठी माझा नकाशा असा. "शी व्येग"चा पहिला भाग हार्प एकटी, डावा हात अगदी विरळ. त्याच भागाच्या पुनरावृत्तीत फिडल खालून लांब सूर घेऊन शिरतं, इतकं हळू की ते कधी आलं हे कळू नये. दुसऱ्या भागात धून फ्लूटकडे, हार्प फक्त कॉर्ड, फिडल थांबतं. पुनरावृत्तीला फिडल आणि फ्लूट एकत्र. दुसऱ्या आवर्तनात पहिला भाग फ्लूट आणि फिडल, हार्प पूर्ण गप्प. हो, सोळा बार! ती परत येते तेव्हा खोलीत दिवा लागल्यासारखं वाटतं.

वेळ मोजून घ्या. पुनरावृत्त्या धरून ६४ बार, प्रत्येकी तीन ठोके, म्हणजे १९२ ठोके. मिनिटाला ९६ च्या लयीत दोन मिनिटं. दोन आवर्तनं म्हणजे चार मिनिटं, आणि त्यापुढे श्रोते खुर्चीत हलू लागतात. जिगचे ३२ बार, बारला दोन ठोके. सेशनमध्ये जिग मिनिटाला ११० ते १२० ठोक्यांनी जाते, हार्प असेल तर ११० वर थांबा. एक आवर्तन साधारण ३५ सेकंद, तीन आवर्तनं पावणेदोन मिनिटं. सगळं मिळून सहा मिनिटांच्या आत.

जोडणी : संथ धुनेचा शेवटचा डी विरू द्या, पण पूर्ण नाही. त्यातच हार्पचा डावा हात ई-बी ही पंचमाची जोडी जिगच्या लयीत सुरू करतो, दोन बार ई, दोन बार डी, आणि पाचव्याला फिडल. लय कुणी डोक्याने द्यायची हे आधी ठरवा. आमच्याकडे हार्पवाली देते, कारण त्या क्षणी फक्त तीच वाजवत असते.

कागदावर किती

हार्पला दोन ओळींचं नोटेशन, वरच्या कोपऱ्यात सुरुवातीला कोणते लिव्हर वर याची नोंद, आणि बदल असेल तिथे चार बार आधी सूचना. फिडल-फ्लूटला धून, कॉर्डची अक्षरं आणि "इथे थांब" एवढंच. अनेक लोकवादक कानाने शिकतात. त्यांना ध्वनिमुद्रण पाठवा, कागद मागितला तरच द्या. नोटेशनसाठी म्यूझस्कोर फुकट आहे. नुसती धून पाठवायची तर एबीसी लिपी सोयीची, साध्या अक्षरांत असल्याने फोनवरून जाते.

तालीम आणि कार्यक्रमाचा दिवस

पहिली तालीम हार्प आणि धून वाजवणारं एकच वाद्य, एवढ्यांची करा. बाकीच्यांना चहा द्या. मग एकेकाला आत घ्या, आणि प्रत्येक जण आल्यावर हार्पला आठ बार थांबवून बघा. फरक कळला नाही तर नुकता आत आलेला भाग कमी करा, हार्पचा वाढवू नका. फोन हार्पजवळ ठेवू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून मुद्रण करा, कारण वाजवणाऱ्याच्या कानापाशी हार्प नेहमीच छान ऐकू येते.

कार्यक्रमाच्या दिवशी हार्प सगळ्यांच्या आधी हॉलमध्ये पोचली पाहिजे. तारांना तिथल्या हवेची सवय व्हायला वेळ लागतो, आणि ३४ तारा लावायला शांतता लागते. त्यामुळे गिटारवाल्याचं साउंडचेक त्याच वेळी नको. तारा लावताना सगळे लिव्हर खाली, नंतर एफ आणि सीचे वर, मग पुन्हा एकदा कानाने तपासणी, कारण लिव्हरने चढवलेला स्वर कधी किंचित बेसूर निघतो. फिडलने हार्पवरून सूर घ्यावा, उलट नाही. थंड फ्लूट उतरलेली असते, ती पाच मिनिटं फुंकून गरम करा. आणि व्यासपीठावर जायच्या आधी कुणीतरी हार्पवालीला विचारा, "सी वर आहेत ना?" आमच्यात हे विचारायचं काम माझं. एकदाच विसरले होते.